सहाव्या तारेवरची करंगळी

धम्मदीप निकाळजेची डावी करंगळी वयाच्या चाळिशीपर्यंत कोणाच्या अध्यात ना मध्यात होती. कीबोर्डवर शिफ्टचं बटण दाबणं एवढीच तिची नोकरी, आणि ती तिने अकरा वर्षं बिनतक्रार केली होती. २००९ च्या फेब्रुवारीत मात्र तिच्यावर एकदम एवढी मोठी जबाबदारी येऊन पडली, की बिचारीला ती पेलवेना.

जबाबदारी सांगायला सोपी होती. पहिली तीन बोटं गिटारवर ए मायनर हा कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचा मेळ, धरून बसलेली असतात, ती हलवायची नाहीत. करंगळीने त्या सगळ्यांना ओलांडून सर्वांत जाड अशा सहाव्या तारेपर्यंत जायचं, तिसऱ्या पट्टीत बसायचं आणि तिथला जी हा सूर दाबायचा. वरचा कॉर्ड तोच राहतो, खालचा खर्ज तेवढा एक पायरी उतरतो. वहीत हे ‘ए मायनर, तिरकी रेघ, जी’ असं लिहितात. लिहायला अर्धा सेकंद लागतो. धम्मदीपची करंगळी निघाली की शेजारची अनामिका उठायची. अनामिकेला दामटून बसवलं की करंगळी अर्ध्या वाटेत पाचव्या तारेवर कोसळायची आणि पत्र्याचा डबा पडल्यासारखा आवाज यायचा.

“अहो, तो जी सोडून द्या,” आमोद सर म्हणाले. हे सर धम्मदीपपेक्षा तेरा वर्षांनी लहान, घर सदाशिव पेठेत, आणि क्लास कर्वेनगरात, स्टेशनरीच्या दुकानावरच्या खोलीत. मंदीत नोकरीची धास्ती घेतलेली आयटीतली माणसं मन रमवायला आमोदकडे यायची, आणि तो त्यांची मनं फारशी रमू द्यायचा नाही. “नुसता ए मायनर वाजवा. ऐकणाऱ्याला काय कळतंय?”

“बाबांना कळतं.”

“मग त्यांनाच बसवा की क्लासला. जागा आहे.”

धम्मदीप गिटारकडे बघत म्हणाला, “पुढच्या महिन्यात त्यांचा आवाज जाणार आहे.”

 आमोदने स्वतःची खुर्ची पुढे ओढली, धम्मदीपचं मनगट धरून थोडं बाहेर काढलं, कोपर खाली केलं आणि त्या दिवशी पाऊण तास जास्त शिकवलं. 

धम्मदीपचे वडील, रतन निकाळजे, टपाल खात्यातून निवृत्त झालेले. खात्यात ते पत्रं निवडायचे, पण दापोडीपासून कात्रजपर्यंत लोक त्यांना ओळखत ते गाण्यामुळे. त्यांची गायन पार्टी होती. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या दिवसांत, पावसाळ्यातल्या वर्षावासात, कोणाच्या नव्या घरात, जिथे बोलावणं येईल तिथे पार्टी जायची आणि मैदानात बसलेली माणसं रतनदादांच्या आवाजाने जागच्या जागी सरळ बसायची. डिसेंबरात तो आवाज घोगरा झाला. सर्दी म्हणून दीड महिना काढेच झाले. जानेवारीच्या शेवटी डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि सांगितलं, की गाठ चांगली नाही, स्वरयंत्र सगळंच काढावं लागेल. बारा मार्चची तारीख मिळाली.

“म्हणजे निवृत्ती,” रतनदादा म्हणाले. “एकदा झालीय, सवय आहे.” आणि परतीच्या रिक्षात धायरीच्या फाट्यावरच्या घरापर्यंत ते तपासणीचे कागद मांडीवर सरळ करत बसले.

त्या रात्री जेवताना धम्मदीपने विषय काढला. बाबांनी आपल्या आईवर एक गाणं केलं होतं. आई सुंदराबाई वीटभट्टीवर कामाला जायची आणि पोराला शाळेत सोडून मगच भट्टीचा रस्ता धरायची. पार्टीचा प्रत्येक कार्यक्रम त्याच गाण्याने संपायचा.

माझ्या मायनं उंबऱ्याशी दिवा नाही लावला,
पाटीवरती अक्षर ठेवलं, उजेड घरात आला.
हात तिचे चिरले तवा रेघ माझी सरळ आली.

ते गाणं कुठेच ध्वनिमुद्रित नव्हतं. पार्टीच्या दोन कॅसेटींवर ते होतं म्हणतात, पण त्या कॅसेटी कोणीतरी ऐकायला नेल्या त्या नेल्याच. धम्मदीपच्या लग्नाच्या व्हिडिओत बाबा गाताना दिसत होते. आवाजाच्या जागी व्हिडिओवाल्याने सिनेमातलं गाणं चिकटवलं होतं. तेव्हा ऑपरेशनच्या आधी हे एक गाणं त्यांच्याच आवाजात धरून ठेवायचं, एवढं एकच धम्मदीपने मनाशी पक्कं केलं. साथीला गिटार, जी तो मंदी आल्यापासून आमोदकडे शिकत होता. पेटी वाजवणारा जयसिंग मास्तर चार वर्षांपूर्वी गेला होता आणि त्याच्याबरोबर पार्टीही.

“गिटार,” रतनदादा म्हणाले. “बरं. मरायच्या आधी हेही.”

पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते कोमट पाणी पिऊन, धुतलेला सदरा घालून, तयार होऊन बसले होते.

सकाळी सात ते साडेसात, एवढा अर्धा तासच आवाज उघडायचा. त्यानंतर दिवसभर नुसती घरघर. धम्मदीपने मोबाइल स्टुलावर ठेवला, रेकॉर्डिंगचं बटण दाबलं, ए मायनर छेडला आणि बाबांनी सुरुवात केली. आवाजात खरखर आली होती, तरी त्याची भव्यता गेली नव्हती. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. तिसऱ्या ओळीत ‘चिरले’वर आले आणि त्यांनी उजव्या हाताचा तळवा वर केला.

“इथं खालचा सूर उतरतो.”

“काय?”

“गाणं हलत नाही. पण खालची जमीन एक पायरी उतरते. जयसिंग आंगठ्यानं खालची पट्टी दाबायचा. ते नसलं तर ‘चिरले’ नुसता शब्द होतो. परत घे.”

धम्मदीपने ती पायरी दोन दिवस इंटरनेटवर शोधली आणि मग आमोदला विचारली. ती ही, ए मायनर आणि खाली जी. कुठे माशी शिंकली ते कळलं, पण माशी उठेना.

बाबांचा तो वर केलेला तळवा हा पार्टीचा कायदा होता. साथीदार चुकला की गाणारा थांबणार, हात वर करणार, पुन्हा पहिल्यापासून. समोर पाच हजार माणसं असोत की पाच. चुकीचं गाणं पुढे रेटायचं नाही. या कायद्याला कारण होतं आणि ते बाबांनी पोराला लहानपणापासून इतक्यांदा सांगितलं होतं, की त्याला ते आपल्याच बाबतीत घडल्यासारखं वाटायचं. एकोणऐंशी साली शहरातल्या एका सभागृहात पार्टीला पहिल्यांदा बोलावलं होतं. पेटीवाला अडखळला, गाणं तसंच ओढत नेलं. पुढच्या रांगेतला एक गृहस्थ शेजाऱ्याला सहज म्हणाला, “असू द्या हो, यांच्याकडून एवढंच.” त्याच्या बोलण्यात राग नव्हता, कुत्सितपणाही नव्हता, आणि रतनदादांना तेच सोसलं नाही. बाकीचे चुकले तर ते चुकतात, आपण चुकलो तर आपण असेच असतो. त्या दिवसापासून चुकलेलं काही मागे ठेवायचं नाही, असं ठरलं.

म्हणून त्या पहिल्या सकाळी थांबल्यावर त्यांनी मोबाइलकडे बोट केलं आणि म्हणाले, “ते पूस.”

धम्मदीपने पुसलं. त्याला त्यात वावगं काही वाटलं नाही, कारण तो स्वतः याच साच्यातला होता. कंपनीत तो सॉफ्टवेअर तपासायचा. नोकरी लागल्यावर दुसऱ्याच वर्षी त्याच्या नजरेतून एक चूक निसटली होती. तशा चुका शेजारच्यांच्याही निसटायच्या आणि त्यावर ‘होतं असं’ म्हणून चहा घेतला जायचा. याच्या वेळी कोणी काही म्हणालं नाही, चहाही निघाला नाही, फक्त मॅनेजरने त्याचं काम महिनाभर दुसऱ्याला तपासायला दिलं. त्यानंतर दहा वर्षांत धम्मदीपच्या हातून एक चूक बाहेर गेली नव्हती. प्रत्येक गोष्ट तो तीनदा बघायचा. सदोष ते बाहेर जाऊ द्यायचं नाही, हे त्याच्या अंगात इतकं मुरलं होतं, की पोळी थोडी करपली तरी तो ती झाकून ठेवायचा.

रोज सकाळी तेच व्हायचं. पहिली ओळ, दुसरी ओळ, ‘चिरले’, डबा, तळवा. “पूस.” मग दुसरा प्रयत्न, तिसरा. साडेसात वाजता घरघर सुरू झाली की बाबा हाताने पुरे म्हणायचे. धम्मदीप बस पकडायला पळायचा आणि बसमध्ये दांडीवर करंगळी ताणत उभा राहायचा.

त्याची बायको पूर्वा स्वयंपाकघरातून हे सगळं ऐकायची. ती शाळेत गणित शिकवत असे आणि तिला सोपं उत्तर दिसत असताना लांबचा रस्ता धरलेला खपत नसे. आठवड्याने ती म्हणाली, “अहो, गिटार ठेवा बाजूला. बाबांना नुसतं गाऊ द्या आणि रेकॉर्ड करा. तुमचं बोट बसेल तेव्हा बसेल.”

“साथीशिवाय ते गात नाहीत.”

“विचारलंत?”

विचारलं. रतनदादा म्हणाले, “नुसतं गायला मी काय रेल्वेत मागतोय?” आणि विषय संपला. पूर्वाने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. “बाप तसा बेटा,” ती म्हणाली, आणि डबे भरायला गेली.

आमोदने आपल्या परीने सगळे मार्ग करून पाहिले. गिटारची मान गच्च पकडून आंगठा वरून आणता येतो का पाहिलं. धम्मदीपचा आंगठा आखूड निघाला. बोटांची अदलाबदल केली. मग पुढचा कॉर्ड हुकायला लागला. शेवटी त्याने सांगितलं, “आता एकच. दिवसाला तीनशे वेळा करंगळी जाऊन यायची. शंभराव्याला रडाल, रडा.” धम्मदीपने मोजून तीनशे केलं. त्याने ऑफिसच्या संगणकावर तक्ता काढला होता: तारीख, प्रयत्न, निर्दोष. निर्दोषच्या खाली पहिले अकरा दिवस शून्य होतं. बाराव्या दिवशी चार. नंतर एकवीस. बोटाच्या टोकाला घट्टा पडला, मनगट सुजलं. पण आकडा वर जात होता.

बाबांचा आवाज खाली येत होता. त्याचा तक्ता कोणी ठेवला नव्हता. अर्ध्या तासाची वीस मिनिटं झाली, मग दहा. आधी पहिल्या ओळीत सगळं घर भरायचं, आता बैठकीची खोली तेवढी भरायची. धम्मदीपला हे कळत नव्हतं असं नाही. त्याला वाटत होतं, दोन रेघा कुठेतरी एकमेकींना भेटतील आणि त्या एका सकाळी सगळं बरोबर येईल. एकच सकाळ तर हवी होती.

ती सकाळ आली नऊ मार्चला, सोमवारी. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात भरती व्हायचं होतं.

बाबांनी पाणी घेतलं, दोनदा घसा साफ केला. धम्मदीपने बटण दाबलं. पहिली ओळ आली ती पातळ, पण सुरात. दुसऱ्या ओळीत त्यांनी एका जागी श्वास घेतला, पूर्वी तिथे घेत नसत. तिसरी ओळ. ‘हात तिचे’ आणि मग ‘चिरले’, आणि करंगळी गेली. तीन बोटं जागच्या जागी राहिली. सहाव्या तारेवरचा जी खालून असा उमटला, की खरोखरच पायाखालची जमीन एक पायरी उतरली. धम्मदीपला पहिल्यांदा कळलं, बाबा इतके दिवस काय मागत होते. त्याच्या आजीचे ते हात, जे त्याने कधी पाहिले नव्हते, त्या एका सुरात दिसले. बाबांचे डोळे मिटलेले होते. त्यांनी मान हलवली, जयसिंग मास्तरसाठी हलवायचे तशी. स्वयंपाकघरातलं भांड्यांचं वाजणं थांबलं होतं.

‘रेघ माझी सरळ’, आणि ‘सरळ’वर आवाज फाटला. मधोमध फाटला, अर्धा वर गेला, अर्धा गेलाच. धम्मदीप वाजवत राहिला. बाबांचा तळवा वर आला.

“आता मी चुकलो,” ते म्हणाले.

“बाबा, राहू दे हे. एवढं एक राहू दे.”

“सरळ रेघ म्हणायचं आणि तिथंच फाटलेला आवाज ठेवायचा? उद्या कोणी ऐकेल, म्हणेल, रतन निकाळजे असाच गायचा. पूस.”

“अहो बाबा,” पूर्वा दारातून म्हणाली, “कोण म्हणणार आहे? घरात राहील ते.”

“पूर्वा, मी चाळीस वर्षं गायलो. कसं ठेवायचं ते मला कळतं.” त्यांनी मुलाकडे पाहिलं. “उद्या सकाळी जायच्या आधी घेऊ. तुझं बोट बसलंय आता. आज मला विश्रांती दे, उद्या एका दमात होईल. पूस ते.”

मोबाइलने विचारलं, नक्की पुसायचं का. धम्मदीपचा आंगठा क्षणभर थांबला. बाबा बघत होते. उद्या आहे, बोट बसलंय, उद्या निर्दोष येईल, हा सगळा हिशेब त्याच्या डोक्यात झाला आणि त्याने ‘हो’ दाबलं. पूर्वा आत गेली.

दुसऱ्या सकाळी बाबांनी पाणी घेतलं, घसा साफ केला, तोंड उघडलं आणि नुसती हवा आली. दहा मिनिटं त्यांनी प्रयत्न केला. मग धुतलेल्या सदऱ्याची बटणं नीट लावली आणि पिशवी कुठे आहे असं खुणेने विचारलं. गिटार धम्मदीपच्या मांडीवर तशीच होती, करंगळी सहाव्या तारेवर. दुपारी हॉस्पिटलात सह्या झाल्या. ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं, व्यवस्थित झालं, डॉक्टरांनी बाहेर येऊन हसून सांगितलं की सगळं स्वच्छ निघालं.

ऑफिसातल्या एका पोराने मोबाइल दोन दिवस ठेवून घेतला. पुसलेलं परत आणायची सोय मेमरी कार्डावरच्या गोष्टींना आहे, फोनच्या पोटातल्यांना नाही, असं त्याने सांगितलं. “सर, बॅकअप नव्हता?” त्याने विचारलं. धम्मदीप दहा वर्षं इतरांना हाच प्रश्न विचारत आला होता.

बाबा घरी आले. गळ्याला भोक आणि त्यावर पांढरी जाळी. बोलायला दोनशे पानी वही आणि पेन. त्यांचं अक्षर टपाल खात्यातलं, गोल आणि स्वच्छ. ‘पाणी.’ ‘खिडकी लाव.’ ‘पूर्वाला सांग, आमटीत मीठ नाही.’ गाण्याविषयी त्यांनी काही लिहिलं नाही, आणि धम्मदीपने गिटार कपाटावर टाकली होती.

तेरा एप्रिलला संध्याकाळी धायरीच्या फाट्यावर जयंतीचा मांडव उभा राहिला आणि दुसऱ्या दिवसासाठी स्पीकर लावून पाहिले जाऊ लागले. कोणाचं तरी गाणं अर्धवट वाजायचं, थांबायचं, पुन्हा वाजायचं. बाबा खिडकीशी बसून ऐकत होते. त्यांनी वही उघडली. ‘वाजव.’

धम्मदीपने गिटार काढली, सूर लावले आणि वाजवलं. पहिली ओळ, दुसरी ओळ, ‘चिरले’च्या जागी करंगळी आपसूक गेली, जणू जन्मापासून तिथेच जात होती. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. बाबांचे ओठ हलत होते आणि जाळीतून हवेचा बारीक आवाज तालात येत होता. या वेळी तळवा वर झाला नाही. गाणं पार शेवटापर्यंत गेलं.

बाबांनी वहीत लिहिलं, ‘बरोबर.’ खाली लिहिलं, ‘आता माझं लाव.’

“कुठलं, बाबा?”

‘माझ्या आवाजातलं. एक तरी ठेवलं असशील.’

धम्मदीपने ते वाचलं. पुन्हा वाचलं. स्वयंपाकघराच्या दारात पूर्वा येऊन उभी राहिली होती.

“नाही ठेवलं,” तो म्हणाला. “तुम्ही पूस म्हणालात.”

‘सगळी?’

“सगळी.”

बाबा त्याच्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. त्यांनी पेन उचललं आणि त्या गोल, स्वच्छ अक्षरात लिहिलं, ‘मी म्हणणारच. तू ठेवायचं होतंस.’

बाहेर स्पीकर पुन्हा सुरू झाला आणि बाबांनी तोंड खिडकीकडे वळवलं. धम्मदीप गिटार मांडीवर घेऊन बसून राहिला. सोसायटीत, ऑफिसात, नात्यात बापाचं कधी काडीचंही न ऐकलेले जेवढे मुलगे त्याला माहीत होते, त्या सगळ्यांचा त्याला त्या संध्याकाळी हेवा वाटला.